तुम्ही दुसरीकडे वाचत होता

शिंप्याच्या दुकानात धाकटी काज-बटणं करायची. दुपारी हात रिकामे झाले की मोबाईलवर पुस्तक उघडायची. ॲप आधी विचारायचं, ‘तुम्ही दुसऱ्या मोबाईलवर ६१व्या पानावर होता. तिथे जायचं का?’

ते ‘तुम्ही’ म्हणजे ताई. भाचीनं दोघींना मिळून एकच खातं काढून दिलं होतं. ॲपला वाटे, वाचणारी बाई एकच. आईच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून बहिणींचं बोलणं तुटलं, त्याला दीड वर्ष झालं. खातं तेवढं तुटायचं राहिलं. एका वेलीच्या दोन शेंगा, वाऱ्यानं दोन दिशांना. पण पान हललं की धाकटीला कळायचं, ताई आहे. जेवली असेल, चष्मा पुसून बसली असेल. मग ती ‘नाही’ दाबून आपल्या पानावर राहायची.

पुढे ताईचं पान ८८वर थांबलं. चार दिवस, आठ दिवस. धाकटीनं एका सदऱ्याची काजं भलत्याच बाजूला पाडली. “लक्ष कुठंय बाई?” मास्तर म्हणाले. तिनं फोन लावला.

“जिवंत आहे,” ताई म्हणाली. “काय काम होतं?”

“पुस्तक सोडलंस?”

“तुला गं काय करायचंय?”

“अठ्ठ्याऐंशीवर अडकलीस.”

“ॲप काढून टाकलं. आता ब्राउझरमध्येच वाचते, खातं-बितं न उघडता. तिथं कुणी विचारत नाही.”

“काय विचारत नाही?”

“तुम्ही दीडशेव्या पानावर होता, जायचं का. मी डोळे चोळत चार पानं ओढायची, आणि तू आपलं घोडं पुढं दामटलेलं. लहानपणीही अशीच होतीस.”

आपलंही पान तिकडे दिसत असेल, हे धाकटीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“मग फोनवर सांगत जा, कुठवर आलीस ते.”

“रोज?”

“पान वाढलं की.”

“माझं रोज नाही वाढत गं. मोतीबिंदू पिकलाय.”

“न वाढलं तरी सांग.”

ताईनं फोन ठेवला नाही. तिच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता. मास्तरांनी पुढचा सदरा पुढ्यात टाकला, तरी धाकटी तो पंखा ऐकत राहिली.