चिंचेतला खिळा

अंगणातली चिंच वादळात घराकडे कलली, तेव्हा नवऱ्याने तेल्हाऱ्याहून धर्मपालला बोलावलं. मशीनच्या करवतीने झाडं पाडायचा त्याचा धंदा, आणि माणूस मोठा किरकिरा. आधी झाडाभोवती फिरला, शेंडा दोराने रस्त्याकडे ताणून बांधला, स्वतःला मागे सरायची वाट साफ केली, शेळ्या-माणसं लांब हाकलली. बुंधा अगदी खाली पोकळ होता म्हणून जमिनीलगत न कापता कमरेच्या जरा खाली खडूने कापायची रेघ मारली. मग विचारलं, खोडात खिळा, तार काही आहे का? फिरत्या साखळीला लोखंड लागलं की करवत उसळून तोंडावर येते म्हणे. त्याच्या हनुवटीवर टाक्यांचा व्रण होताच.

नवरा नाही म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या झाडात काहून खिळा राहीन?" आणि माझ्याकडे डोळे वटारले. दामिनीला, माझ्या पोरीला, पाहायला पाहुणे यायचे होते.

खिळा होता. माझं पहिलं बाळ गेलं आणि माझी वाचाच बसली. बाळ गेलेल्या बाईने काय गप्पा माराव्यात? पण घरात ठरलं, हिला बाहेरचं लागलंय. भगत आला. मला चिंचेला टेकवून बसवलं, माझी बट खिळ्याला गुंडाळली आणि भूत म्हणून खोडात ठोकली. हातोडा नवऱ्यानेच आणून दिला. सालीने तो खिळा कधीच गिळला. माझा राग मात्र कुणी गिळला नाही.

धर्मपालने करवत सुरू केली. मला तो व्रणच दिसत होता. मी पदर खोचून पुढे गेले. त्याने ओरडून करवत बंद केली. मी खोडाला टेकून बसले, तेव्हा बसवलं होतं तशीच. डोकं बरोबर रेघेवर आलं.

"इथं हाय खिळा," मी म्हणाले. "माह्या केसासंग ठोकला हाय."

धर्मपालने माझ्याकडे पाहिलं, रेघ पुसली आणि हातभर वर दुसरी मारली. चिंच रस्त्याकडे पडली. कुणाला खरचटलंही नाही.

नवऱ्याची तेव्हापासून दातखीळ बसली आहे. त्याच्यासाठी भगत कुणी बोलावला नाही. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "पाय वं बाई, झाड पडलं अन् हिचं भूत सुटलं."

पाहुणे येतील त्या दिवशी मी शेतात राहायचं, असं ठरलंय.