मागची डावी बाजू

बिबवेवाडीच्या भीमरावांची गाडी बंद पडली, यात बातमी काहीच नसायची. ती सुरू झाली की मात्र शेजारी गॅलरीत येऊन बघायचे.

गाडीपायी भीमरावांच्या घरात नातेवाइकांची माया उतारावरून ठरत असे. ज्यांच्या दारापुढे उतार, त्यांच्याकडे जाणंयेणं जास्त, कारण निघताना गाडी घरंगळत नेऊन सुरू करता यायची. सपाटीवर राहणारा सख्खा मामेभाऊ हळूहळू दुरावला होता. सगळीच सपाटी असलेल्या कर्वेनगराकडे तर भीमराव कुणाच्या अंत्यविधीलासुद्धा बसनंच जात.

सपाटीवर गाडी बंद पडलीच, तर त्याचीही एक शिस्त होती. भीमराव स्टिअरिंगवर. त्यांची बायको शैलाबाई मागे उजवीकडे, मुलगा धम्मदीप मध्ये आणि धाकटी पूर्वा डावीकडे, फुटक्या दिव्यापाशी. शाळेत असल्यापासून ती जागा पूर्वाची. शैलाबाई ‘हं’ म्हणाल्या की तिघांनी ढकलायचं. इंजिन एकदा सुरू झालं की भीमरावांनी थांबायचं नाही. पुढे जागा बघून वळून यायचं, आणि बाकीच्यांनी रांगत्या गाडीत चढून बसायचं. थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. उभी हयात सरकारी नोकरीत काढलेला माणूस, नियम एकदा ठरला की तो त्यांच्या पायात भिनायचा.

आता पूर्वाचं लग्न ठरलं, आणि सासर निघालं नेमकं कर्वेनगरात. भीमरावांनी जाहीर केलं की मुलीला आपण आपल्या गाडीनं पोचवणार. धम्मदीप म्हणाला, चांगली गाडी भाड्यानं करू. शैलाबाई म्हणाल्या, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, आपली मुलगी नकटी नाही तर तुम्ही का विघ्नं गोळा करताय? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेवटी भीमरावांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की वाटेत बंद पडली तर दुसऱ्या दिवशी भंगारात. नाही पडली, तर पुन्हा विषय काढायचा नाही. धम्मदीपनं लगेच एका भंगारवाल्याचा नंबर मिळवून ठेवला.

गाडी भंगारात जाण्याच्या नुसत्या कल्पनेनं भीमराव ताटावरून उठायचे. त्यांचे वडील धोंडिबा आयुष्यभर एका साहेबांची गाडी चालवत. मागच्या सीटवर ते कधी बसले नव्हते, ती नुसती पुसायचे. ही गाडी आली त्या दिवशी भीमरावांनी त्यांना मागे बसवून बिबवेवाडीतून चक्कर मारून आणली. म्हातारा वाटभर बाहेर बघत राहिला. उतरताना एवढंच म्हणाला, “क्लच जरा सावकाश सोडत जा.”

लग्न धायरीच्या कार्यालयात लागलं. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले गेले, जेवणं उरकली. मुलीचा बाप म्हणून भीमरावांनी काय काय केलं ते त्यांना आठवत नाही, कारण ते दर थोड्या वेळानं गाडीचं बॉनेट उघडून बघत होते. निघायच्या वेळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, तेव्हा त्यांनी धम्मदीपकडे असं पाहिलं की जणू ती त्यांनीच घडवली होती. पुढे शैलाबाई बसल्या. मागे धम्मदीप, पूर्वा आणि हारासकट जावईबापू, चेतन.

सिंहगड रस्ता सुरळीत पार पडला. राजाराम पुलाच्या सिग्नलला लाल दिवा लागला, मग हिरवा लागला, आणि गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गजर सुरू झाला. एक स्कूटरवाले गृहस्थ काचेशी येऊन शांतपणे म्हणाले, “काका, नवरीला इथंच उतरवायचं ठरलंय का?”

नवरी तोवर उतरलीच होती. पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून पूर्वा डाव्या दिव्यापाशी जाऊन उभी राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. शैलाबाई उजवीकडे गेल्या, धम्मदीप मध्ये. चेतन उतरायला लागला तेव्हा पूर्वा म्हणाली, “तू बस. तुला सवय नाही.”

आरशात तिघं आपापल्या जागी दिसली, आणि भीमरावांना बरं वाटलं. सबंध लग्नात त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. शैलाबाईंचा ‘हं’ आला, भीमरावांनी क्लच सावकाश सोडला, आणि गाडी सुरू झाली.

नियमाप्रमाणे ते थांबले नाहीत. पुलावर वळायला जागा नव्हती.

“पप्पा,” मागून चेतन अदबीनं म्हणाला, “पूर्वा मागं राहिली.”

भीमराव म्हणाले की थांबलो तर गाडी बंद पडेल, आणि ढकलायला तुम्ही एकटे. चेतन हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत होता. त्यानं बराच विचार केला, पण त्याला या म्हणण्यात चूक सापडेना.

कर्वेनगरात सोसायटीच्या दारात चेतनची आई, शर्मिलाताई, फुलांचं तबक घेऊन उभ्या होत्या. मागे पाहुणे मोबाईल उंच धरून. गाडीतून त्यांचा मुलगा एकटाच उतरला. इतर लग्नांत मुलीला सासरी पोचवतात, इथं मुलीच्या बापानं मुलाला त्याच्याच घरी सुखरूप आणून सोडलं.

“आणि आमची सून?” शर्मिलाताईंनी विचारलं.

“मागून येतेय,” भीमराव खिडकीतून म्हणाले. एव्हाना इंजिन तापून उभ्या गाडीतही टिकत होतं, तरी पाय ॲक्सिलरेटरवरच होता.

ती रिक्षानं आली, आई आणि भावासकट. दोन्ही तळवे काळे, साडीवर कमरेपाशी पाच बोटं उमटलेली. शर्मिलाताईंनी तिचे हात पाहिले, तबक खाली ठेवलं आणि आधी तांब्याभर पाणी मागवलं. मग त्यांनीच तिचे हात धुतले.

मंडळी जिन्याकडे वळली. पूर्वा पायरीशी थांबली.

“पप्पा, या ना.”

“तुम्ही व्हा पुढे. गाडी चालू आहे.”

“मग बंद करा.”

भीमरावांनी रस्ता पाहिला. तो तव्यासारखा सपाट होता. पैज सिग्नललाच संपली होती, धम्मदीप काही बोलला नाही हा त्याचा चांगुलपणा. पण इंजिन चालू ठेवलं, तर गाडी निदान एकदा स्वतःच्या चाकांवर घरी गेली असती. आणि मग पोरगी त्यांच्याशिवाय उंबरठा ओलांडून गेली असती. त्यांनी किल्ली फिरवली. आवाज थांबल्यावर त्यांना फार एकटं वाटलं. मग ते उतरून तिच्यामागे जिना चढले.

चहापाणी झालं, निघायची वेळ आली. सगळे खाली उतरले. भीमराव स्टिअरिंगवर बसले. शैलाबाई सवयीनं उजवीकडे गेल्या, धम्मदीप सवयीनं मध्ये उभा राहिला. डाव्या दिव्याजवळची जागा मोकळीच राहिली. दोघांपैकी कुणीही तिकडे सरकलं नाही. आरशात ती जागा बघून भीमरावांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि खाली उतरून सांगितलं, की रिक्षानं जाऊ.

किल्ली त्यांनी पूर्वाच्या हातात दिली. “शब्द म्हणजे शब्द. भंगारवाला इथंच येईल, त्याला दे.”

“कधी येणार तो?”

धम्मदीपच्या खिशात नंबर होता. तो म्हणाला, “सध्या गावाला गेलाय. कधी येईल काही सांगता येत नाही.”

“तोवर दर रविवारी येऊन सुरू करून बघत जाईन,” भीमराव म्हणाले. “बॅटरी उतरायला नको.”

“अहो, ढकलल्याशिवाय सुरू होते का ती?” शैलाबाईंनी विचारलं.

“म्हणूनच तर,” भीमराव म्हणाले, “पूर्वाला दर रविवारी खाली यावं लागेल.”