सहा नंबरचा बावटा

रत्नागिरीत त्या दिवशी आभाळ इतकं स्वच्छ होतं की हवामान खात्यालाही सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी सकाळी साडेअकराच्या आत मिरकरवाडा बंदरात अकरा बोटी जाळी गुंडाळून परत आल्या. वादळ येणार होतं. आणि ते संदेशने मोबाइलवर स्वतःच्या अंगठ्याने टाइप केलं होतं.

संदेश एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. आजोबा तांडेल, पणजोबाही तांडेल. संदेशला मात्र बोट लागायची. जेटीला बांधलेली बोटसुद्धा लागायची. शेवटी त्याच्या वडिलांनी त्याला बीएस्सीला घातलं आणि "आमचा पोर रक्तात मासेमारी करतो" असं बंदरभर सांगत सुटले. त्यांचं नाव हरिश्चंद्र, पण बंदरावर त्यांना आप्पा सोडून कुणी काही म्हणत नाही.

यंदा गणपतीला मुंबईहून बारा पाहुणे आले. जाताना नारळ घेऊन गेले आणि फ्लू ठेवून गेले. घरातल्या बाकीच्यांना तो दोन-तीन दिवस शिंकवून निघून गेला, पण आप्पांच्या फुप्फुसांत त्याने बिऱ्हाडच केलं. आता आप्पा संदेशच्याच हॉस्पिटलात आयसीयूमध्ये होते आणि ऑक्सिजनचा मास्क दर दहा मिनिटांनी काढून फेकत होते.

"काका मास्क ठेवत नाहीत, पालथे झोपत नाहीत," डॉक्टर राजश्री त्या सकाळी संदेशला म्हणाल्या होत्या. "असंच चाललं तर उद्या घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. आणि सत्तरीत त्या नळीवरून परत येणं सोपं नसतं, तुला माहितीये."

संदेशला माहीत होतं. आप्पांच्या रक्ताचे आकडे त्यानेच काढले होते. सीआरपी, म्हणजे अंगात किती जाळपोळ चाललीय ते सांगणारा आकडा, दहाच्या आत असायला हवा. आप्पांचा एकशे चौऱ्याऐंशी होता. लिम्फोसाइट, म्हणजे विषाणूशी नेमकं लढणाऱ्या पेशी, सात टक्क्यांवर आल्या होत्या. आणि आयएल-सिक्स नावाचं रसायन, जे एरवी रक्तात असून नसल्यासारखं असतं, ते भसाभस वाढलं होतं.

"आता विषाणूपेक्षा त्यांच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचीच भीती जास्त आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तीच पिसाळली तर सायटोकाइन स्टॉर्म."

संदेशने हे बोटीच्या ग्रुपवर कळवायचं ठरवलं. ग्रुपचं नाव 'समुद्रलक्ष्मी परिवार', त्यात आप्पांचे सगळे खलाशी. सायटोकाइन वगैरे त्यांना कळायचं नाही म्हणून त्याने सोप्या मराठीत लिहिलं: "सहाचा आकडा खूप वाढलाय. वादळाची भीती आहे. पुढचे ४८ तास धोक्याचे. सगळ्यांनी सांभाळा."

सोप्या मराठीने घात केला.

बंदरावर वादळाचा इशारा नंबराने देतात. तीन नंबरचा बावटा लागला की खलाशी सावध होतात, आणि सहाचा लागला की जो तो देवाला गाऱ्हाणं घालतो. आप्पा आजारी असताना बोट सांभाळणाऱ्या भागोजीने समुद्रात हा निरोप वाचला आणि पुढच्या मिनिटाला वायरलेसवर आरोळी ठोकली. आसपासच्या दहा बोटींनी ती ऐकली. समुद्र तेव्हा तेल ओतल्यासारखा पडून होता, तो तर भागोजीला जास्तच संशयास्पद वाटला.

बारा वाजता भागोजी लॅबच्या दारात उभा. अंगाला बांगड्याचा वास, हातात मोबाइल.

"मेल्या, वादळ कुठाय?"

"कसलं वादळ?"

"तूच घातलंस ना ग्रुपवर! अकरा बोटी आल्यात. बंदरावरनं तीनदा फोन आला, सहाचा बावटा कुणी लावला म्हनून. मी सांगितलं, हॉस्पिटलनं."

संदेश स्टुलावर बसला. मग त्याने भागोजीला समजावलं की सहा म्हणजे आयएल-सिक्स आणि वादळ म्हणजे आप्पांच्या अंगातलं. भागोजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे समुद्रात काय नाय?"

"नाही."

"आणि आप्पांच्या अंगात सहाचा हाय?"

"हो."

भागोजीचा चेहरा पडला. "मंग बोटी आल्या ते बरंच झालं," तो म्हणाला. "चल, मना आप्पांना भेटव."

आयसीयूत एकालाच सोडतात. पण भागोजीला गाऊन, टोपी आणि मास्क चढवल्यावर तो नेमका कोण आहे हे सिस्टरना ओळखता येईना, म्हणून संदेश बरोबर गेला. आप्पा मास्क हनुवटीवर ओढून धापा टाकत बसले होते. मॉनिटरवर ऑक्सिजन एकोणनव्वद. भागोजीला बघताच त्यांच्या भुवया चढल्या.

"तू हिकडं काय करतोस? धंद्याचा दिस ना?"

"सहाचा बावटा लागलाय, आप्पा."

आप्पांनी मान वळवून खिडकीकडे बघितलं. बाहेर लख्ख ऊन. "खुळा झालास काय? आभाळ बघ."

"आभाळात नाय. तुमच्यात लागलाय."

आप्पांनी संदेशकडे पाहिलं. गेले चार दिवस संदेश त्यांना आकडे सांगत होता आणि ते भिंतीकडे तोंड करत होते. आता पहिल्यांदा त्यांची नजर विचारत होती.

"आप्पा, समजा बोटीवर चोर चढलाय. खलाशी काठ्या घेऊन धावले. चांगलंच केलं. चोर मार खाऊन अर्धमेला झाला. पण हे थांबतच नाहीत. काचा फोडल्या, जाळी फाडली, आता इंजिनावर काठ्या घालतायत. इंजिन म्हणजे तुमची फुप्फुसं. अंगातले शिपाई तसे पिसाळलेत. तो सहाचा आकडा म्हणजे त्यांची एकमेकांना चाललेली आरडाओरड."

आप्पांनी धापा टाकतच विचारलं,

"आणि तांडेल काय करत होता?"

"मास्क काढून बसला होता."

भागोजी दचकून दोन पावलं मागे सरला. आप्पांशी असं बोललेला शेवटचा माणूस भाट्याच्या खाडीत सापडला होता. पोहत होता, पण सापडला होता.

आप्पांनी मास्क उचलला, नाकावर बसवला आणि पट्टा स्वतःच्या हाताने आवळला. मग आतूनच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बावटा हाय तवर तांडेल जागा सोडत नाय. पालथं कसं पडायचं ते दाखव. आणि रोज नंबर सांगायचा. खोटा नाय."

"नाही सांगणार."

"आणि अकरा नंबर झाला तर?"

संदेशने त्यांच्या छातीखाली ठेवायला उशी उचलली. अकरा नंबर म्हणजे वेधशाळेशी संपर्क तुटला. बंदरात वाढलेल्याला ते कुणी सांगावं लागत नाही.

"तेवढा नको येऊ देऊ," आप्पा म्हणाले आणि पालथे झाले.

त्या दिवसापासून संदेशने एक कोष्टक केलं, जे वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. सगळे रिपोर्ट एकत्र बघायचे आणि त्यांचा एक बावटा काढायचा. दुसऱ्या दिवशीही सहाच निघाला, आणि त्याने तसा सांगितला. आप्पांनी पालथ्यानेच मान हलवली. डॉक्टर राजश्रींनी ऑक्सिजनचा आकडा बघितला, त्र्याण्णव, आणि नळी उद्यावर ढकलली. तिसऱ्या दिवशी पाच. तिकडे भागोजीने समुद्रलक्ष्मीच्या डोलकाठीवर मोजून तेवढी लाल फडकी बांधली. बाकीच्या दहा बोटी समुद्रात गेल्या, ही जागची हलली नाही. बंदरावरून विनंती आली की खासगी बावटा कृपया उतरवावा. भागोजीने कळवलं की तो लॅबच्या हातात आहे.

पाचव्या दिवशी सीआरपी अडतीसवर आला. संदेशने मशीन दुसऱ्यांदा चालवलं. तरी अडतीसच. लिम्फोसाइट एकोणीस टक्के. तो जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढला. डॉक्टर राजश्री दारातच भेटल्या आणि म्हणाल्या, "नळी रद्द. साध्या ऑक्सिजनवर घेतोय."

आप्पा उताणे झाले होते आणि पेजेबद्दल तक्रार करत होते.

"किती?"

"एक."

"म्हंजे लांब कुठंतरी हाय."

"लांब आहे. आणि लिम्फोसाइट परत आले, आप्पा. ते जाणते खलाशी. कुणाला मारायचं आणि कधी थांबायचं ते त्यांना कळतं."

"म्हंजे भागोजी नाय," आप्पा म्हणाले. हसताना त्यांना खोकला आला, पण साधा, माणसासारखा. "बोट सोडायला सांग त्याला."

संदेशने मोबाइल काढला. या वेळी त्याने निरोप तीनदा वाचला, सिस्टरना दाखवला, डॉक्टरांनाही दाखवला, आणि मगच पाठवला: "आप्पा बरे होत आहेत. या निरोपाचा हवामानाशी काहीही संबंध नाही."

मिनिटभरात भागोजीचं उत्तर आलं.

"आई जाकादेवी पावली. फडकी उतरवली. मंग हवामान कसं हाय?"