शीतलचे डोळे आले तेव्हा

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आम्ही बारा जणी औषधांची खोकी तपासतो. तारीख, बॅच नंबर, बारीक छपाई. दिवसभर डोळ्यांचंच काम. नंदकुमार सरांच्या या युनिटमध्ये मला अठरा वर्षं झाली.

ऑगस्टमध्ये शीतलचे डोळे आले. लालभडक, चिकट. ती केबिनमध्ये गेली, तिच्यामागे मीही.

"सर, डॉक्टर म्हणतात पाच दिवस घरी राहा."

"राहा ना. खाडा लागेल."

तिच्या नवऱ्याला वर्षभर काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती काळा गॉगल लावून हजर.

"घरी जा गं, वेडी आहेस का?" मी म्हटलं.

"शकुताई, घरी बसून पोरांना काय घालू?"

शुक्रवारपर्यंत नऊ जणींचे डोळे आले. सरांचेही आले. ते चार दिवस घरी बसले. त्यांचा खाडा कोण लावणार? आम्ही गळत्या डोळ्यांनी खोकी तपासत राहिलो. चुकीच्या तारखेचा अख्खा लॉट पास झाला आणि औषध कंपनीनं तो परत पाठवला.

सर आले ते शीतलवरच धावून. "तुझ्यामुळे वाट लागली माझी! आजारी होतीस तर आलीस कशाला?"

माझं डोकंच फिरलं. "कशाला म्हणजे? तुम्ही घरी झोपलात, तुमचं काही कापलं गेलं? हिला पगारी सुट्टी दिली असती तर एकीचंच काम अडलं असतं ना!"

"शकुबाई, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणारच!"

मी खुर्ची मागे सारली. एकेक करत साऱ्या उठल्या. दोन दिवस कुणी खोक्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी सही करून कागद लावला: वर्षाला सात दिवस आजारपणाची भरपगारी रजा.

जानेवारीत आमच्यातल्या रुक्मिणीला ताप आला. तीन दिवस घरी राहिली, बरी होऊन आली. दुसरं कुणी आजारी पडलं नाही, माल वेळेवर गेला. सर शेजारच्या गाळ्यातल्या मालकाला ऐटीत सांगत होते, "मी रजा सुरू केली ना, तेव्हापासून एक लॉट परत आला नाही."

मी तिथेच उभी होते. शीतलच्या डाव्या बुबुळावर डाग राहिलाय, बारीक अक्षर दिसत नाही. दिवाळीआधीच तिचं इथलं काम सुटलं. आता वाकोल्यात चार घरच्या पोळ्या लाटते.

"सर, त्यांना शीतलचंही सांगा."

सरांनी विषय बदलला. मग त्या मालकाला मीच सांगितलं, सरांच्या तोंडावर, सगळं.