पहिल्या बांधीचा रोज

परसरामभाऊंनी बोटाला थुंकी लावून रजिस्टरचं पान उलटलं आणि समाजमंदिराच्या ओसरीत बसलेल्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं वाचायला सुरुवात केली.

"गावात ज्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पहिली रोवणी लागेल, तिथं दिलेला रोज हाच पूर्ण हंगामाचा रोज राहील. त्यापेक्षा कमी किंवा जास्त देणाऱ्याला पाच हजार रुपये दंड. मजूर गावचा असो की बाहेरचा."

रजिस्टर मिटून त्यांनी मांडीवर ठेवलं.

"आता बोला. काय म्हणून राह्यल्या तुमी?"

नियम त्यांनीच केला होता, तीन वर्षांपूर्वी, सरपंच असताना. ऐन रोवणीत दोन शेतकऱ्यांनी वीस-वीस रुपये वाढवून एकमेकांच्या बाया पळवल्या, तेव्हा भाऊंनी सभा घेऊन हा तोडगा काढला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊंकडे बावीस एकर धानाची जमीन आणि गावातली सर्वांत खोल बोअर. त्यामुळे त्यांचे परहे, म्हणजे रोवायची रोपं, सगळ्यांच्या आधी तयार होत आणि रोवणीही त्यांच्याच बांधीत आधी लागे. नियम गावाचा, दर भाऊंचा. हे गावाला कळत होतं आणि गावाला कळतं याची भाऊंना मोठी मौज वाटे.

गेल्या वर्षीचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, दोनशे वीस होता. यंदा बाया तीनशे मागत होत्या.

पुढे बसलेल्या वच्छलाची पुतणी भावना बी.ए. झालेली होती. तिनं मोबाइलवरून उतरवून घेतलेला कागद पुढे केला.

"काका, सरकारनं ठरवून देल्लेला किमान रोज पाहा. आमी त्याच्यावर मागून नाई राह्यलो."

"मंग सरकारलेच बोलाव रोवाले!"

खांबाला टेकलेले बाप्ये हसले. भाऊही हसले, पण लगेच त्यांचा आवाज चढला. "खताची थैली महाग, डिझेल महाग. धानाचा भाव मी ठरवतो का? व्यापारी ठरवते. सरकारचा बोनस कवा येते, कोणाले मालूम? रोज वाढवाचा तं कोठून वाढवू? तुमसरहून यंत्र आणतो, बसा मंग घरी."

यात खोटं काही नव्हतं आणि पंचाईत तीच होती. वच्छला वीस बायांच्या टोळीची मुखीण. तिनंही मागच्या साली आपलं सहा पोती धान व्यापारी म्हणेल त्या भावात घातलं होतं. तरी ती उठून उभी राहिली.

"डिझेल महाग झालं, तुमी ट्रॅक्टरवाल्याले वाढवून देल्ले. खत महाग झालं, दुकानदाराले देल्ले. आमची बारी आली का तुमाले धानाचा भाव आठवते. काहून जी?"

खांबाजवळचं हसू थांबलं. भाऊंनी उपरणं झटकलं.

"आठ दिवसांत मायी रोवणी लागते. दोनशे वीस. ज्याले याचं त्यानं या. नाई तं बावनथडी नदीपल्याडून गाडी भरून बाया आणतो. त्या दोनशातही येतात."

"ते एकडाव पुन्हा वाचा, भाऊ," वच्छला म्हणाली. "कमी किंवा जास्त, असं हाये ना?"

आपला नियम दोनदा वाचायला कोणाला आवडत नाही? भाऊंनी तो पुन्हा वाचला, आधीपेक्षा सावकाश.

परतताना चंद्रभागाबाईंनी वच्छलाचा दंड धरला. साठी ओलांडलेली ही म्हातारी टोळीत सगळ्यांत वडील. वच्छलाला रोवायला शिकवलं तेही तिनंच.

"पोरी, तो खरंच गाडी आणन. मंग दोनशे वीसही गेले अन् हंगामही गेला. वीस घरच्या चुली तुह्या भरोशावर हायेत."

वच्छला घराकडे न वळता तलावाच्या पाळीखाली गेली. तिथं तिची अर्धा एकर जमीन होती. पाळीतून बारा महिने पाणी पाझरायचं म्हणून गाव तिला रडकी बांधी म्हणे. उन्हाळ्यातही तिथं चालणाऱ्याची चप्पल रुतायची. अशी जमीन कोणी फुकट घेतली नसती. पण या जमिनीला पाण्याची वाट पाहावी लागत नसे. वच्छला कोपऱ्यात लवकर परहे टाकायची आणि दुसऱ्यांच्या कामाला जुंपण्याआधी आपली रोवणी उरकून घ्यायची. तीही अदलाबदलीनं. आज तुम्ही माझ्या बांधीत, उद्या मी तुमच्या. पैशाचा संबंध नाही, म्हणून या रोवणीला कोणी रोवणीत धरत नसे.

तिनं वाकून परह्यांवरून तळवा फिरवला. रोपं वीतभर झाली होती.

घरी गोमाजी हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, मानेला तेल चोळत होता. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"तेंदूपत्त्याचे पैसे? ते टिनाचे हायेत ना? छपराले यंदा टिन नाई टाकले तं पाणी कोठं टिपकन, मालूम हाये?"

"तुह्या खाटेवर."

"मंग?"

"खाट सरकवजो."

गोमाजीनं हेल्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्याच चिखल करून देतो," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा बाया बांधीत उतरल्या. परह्यांच्या पेंड्या चिखलात टाकलेल्या होत्या. बायांनी लुगडी खोचली, ओळ धरली आणि मागे मागे सरकत रोवायला लागल्या. दुपारी भाकर सोडायला सगळ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या तेव्हा वच्छलानं पदराची गाठ सोडली.

"आज अदलाबदल नाई. आज रोज. तीनशे."

कोणाला काही उमगेना. भावनानं समजावून सांगितलं, तशी एकेकीच्या चेहऱ्यावर हसू आलं. नऊ जणींनी पैसे घेतले, काहींनी लाजत, काहींनी कपाळाला लावून. चंद्रभागाबाईंनी मात्र हात मागे घेतला. त्यांचं तोंड कसनुसं झालं होतं.

"तुह्या हातचा रोज घेऊ मी? तुह्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कोणं केल्ले? आता मले मजुरीन करतेस?"

"माय, तसं नाई..."

"मेली तरी नाई घेत."

दहातल्या एकीचा जरी रोज राहिला, तरी ही अदलाबदलच होती असं म्हणायला भाऊ मोकळे होते. पण म्हातारीला दुखवून केलेला हिशेब वच्छलालाही नको होता. तिनं तीन नोटा परत गाठीत बांधल्या आणि चिखलात उतरली. चंद्रभागाबाई तिच्याशेजारी रोवत राहिल्या, पण तोंड पलीकडे वळवून.

उन्हं कलली. शेवटच्या दोन ओळी राहिल्या असताना पाळीवरून मोटरसायकल आली. परसरामभाऊ बोअरवर निघाले होते. त्यांनी गाडी थांबवली आणि वरूनच हाक दिली.

"लागली का वं रडकी बांधी? चालू द्या तुमची अदलाबदल!"

"अदलाबदल नाई, भाऊ. रोज हाये. तीनशे. रजिस्टरात लिवून घ्या."

भाऊ आधी हसले. मग हसता हसता त्यांची नजर बांधीतल्या हिरव्या ओळींवरून फिरली, आणि पाळीखाली पसरलेल्या बाकीच्या कोरड्या बांध्यांवर गेली. कोठंच अजून एक काडी लागलेली नव्हती. त्यांनी गाडी बंद केली.

"अर्धा एकर! याले कोणी रोवणी म्हणते का?"

"बांधी केवढी पायजे ते तुमी लिवलं नाई."

"मी बाहेरून बाया आणीन."

"आणा ना. गावचा असो की बाहेरचा, तुमीच दोनदा वाचलं. त्यायलेही तीनशेच द्या. त्यायचंही भलं होऊ द्या."

भाऊंचा चेहरा लाल झाला. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बांधीतल्या बायांकडे पाहत त्यांनी विचारलं, "कोणं घेतला रोज? साऱ्यायनं घेतला? मले सांगा, मी सभा बोलवतो. खोटं निघालं तं दंड तुह्यावर बसन, वच्छला."

नऊ जणी "हो" म्हणाल्या. भाऊंची नजर दहावीवर येऊन थांबली. लहानपणी याच बाईनं त्यांना कडेवर खेळवलं होतं आणि त्यांच्या बापाच्या बांध्या रोवल्या होत्या. ती खोटं बोलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"चंद्रभागामाय, तुमी सांगा. घेतला का?"

वच्छलानं मान खाली घातली.

चंद्रभागाबाईंनी हातातली पेंडी संपवली. घाई नाही. शेवटचं रोप दाबून बसवलं, कोपऱ्यातल्या पाण्यात दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले आणि वच्छलासमोर उजवा तळवा पसरला.

"अजून नाई घेतला, बाबू," त्या भाऊंकडे न पाहता मोठ्यानं म्हणाल्या. "आता घेतो. वच्छला, दे माझा रोज. मोजून दे. भाऊ पाहून राह्यले."

वच्छलाच्या बोटांना गाठ सुटेना. सुटली तेव्हा तिनं शंभराची एकेक नोट म्हातारीच्या तळव्यावर ठेवायला सुरुवात केली. वर भाऊंनी गाडीला किक मारली. ती लागली नाही. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली, तोवर तिसरी नोट चंद्रभागाबाईंच्या मुठीत गेली होती.