प्लग मिळणार नाही

रस्ता बंद होता. जुन्या झाडाची जाडजूड फांदी मोडली होती आणि अर्धी खोडाला लोंबकळत, अर्धी शाळेच्या भिंतीवर टेकून आडवी पसरली होती. तिच्या मागे बस, बसच्या मागे मोटारी, मोटारींच्या मागे स्कूटर, आणि सगळ्यांच्या मानगुटीवर घाई.

वखारवाले आले. टेम्पो सासूबाई चालवत होत्या. शेजारी त्यांचे यजमान, वखारीचे मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत. मागच्या बाजूला दोरखंड, शिडी, विजेची साखळी-करवत, धाकटा मुलगा आणि थोरली सून. थोरला मुलगा वखारीत गिऱ्हाइकं बघायचा. भुसा उडाला की त्याला शिंकांवर शिंका यायच्या. म्हणून करवत त्याच्या बायकोच्या हातात आली. आणि तिला ती आवडली.

उस्तादांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. तो वखारीतल्या जुन्या गोल करवतीनं केव्हाच नेला होता. याची तिथं कुणाला लाज नव्हती, उलट मान होता! करवतीनं चाखल्याशिवाय माणूस उस्ताद होत नाही, असं वखारीत बोललं जायचं. धाकट्याच्या मनगटावर एक व्रण होता. तो दिसावा म्हणून तो थंडीतही बाह्या दुमडून हिंडायचा. सुनेच्या हातांवर साधा ओरखडा नव्हता. तिला सगळे 'पाहुणी' म्हणत.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातून वीज मिळाली. वायर टाकून झाली. धाकट्यानं भिंतीला शिडी लावली, एका हातात करवत घेतली आणि वर चढला.

इथं करवतीबद्दल थोडं सांगायला हवं. तिला दोन परवानग्या लागतात. आधी अंगठ्यानं बाजूचा खटका आत दाबायचा, मग बोटानं स्विच ओढायचा. तेव्हाच साखळी फिरते. उचलताना, देताना, चढताना बोट चुकून लागलं तरी ती फिरू नये, म्हणून ही सोय. वखारीतल्या करवतीचा खटका मात्र रबराच्या पट्टीनं कायमचा आवळलेला होता. का? उस्ताद अशीच चालवतात. म्हणून सगळेच अशी चालवतात.

धाकट्यानं वर पोचून स्विच ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काहीच नाही. मग त्यानं खाली पाहिलं.

चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर सून उभी होती. प्लग तिच्या मुठीत होता.

"वहिनी, अगं लाव की!"

"खाली या, भाऊजी."

"काय?"

"खाली या म्हटलं. शिडीवर उभं राहून करवत चालवायची नाही. एका हातानं तर नाहीच नाही. आणि ती पट्टी निघाल्याशिवाय प्लग मिळणार नाही."

मग रस्ता बोलू लागला.

"अहो बाई, ऑफिस आहे आम्हाला!"

"घरची भांडणं घरी करा!"

"बाईमाणसाच्या हाती मशीन दिलं की हे असं!"

"व्हिडिओ काढ रे, व्हिडिओ!"

उस्ताद पायरीपाशी आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "सूनबाई, चारचौघांत तमाशा नको. लाव."

"नाही, बाबा."

"मी सांगतोय."

"ऐकलं मी. नाही."

धाकटा वरून हसला. "पाहुणी घाबरली!"

"घाबरलेच आहे!" ती ओरडली. "त्या पात्याचं टोक वरच्या फांदीला नुसतं टेकलं ना, तर करवत उसळून तोंडावर येते. खांद्याच्या वर हात असले की ती कुणाच्या बापाला आवरत नाही. शिडीवर मागं सरकायला जागा कुठंय? आणि आत्ता चढताना ती पोटाशी धरली होती तुम्ही, खटका बांधलेली! बोट लागलं असतं म्हणजे? डोळ्यांवर चष्मा नाही, हातात मोजे नाहीत. घाबरायचं नाही तर काय आरती ओवाळायची?"

"खरंय हो," चष्मेवाला दारातूनच म्हणाला. "डोळ्यात ढलपी गेली तर माझ्याकडे फक्त चष्मे आहेत. डोळे मी ठेवत नाही."

दोनचार जण हसले. उस्तादांना तेच लागलं.

"हयात गेली माझी करवतीत! आणि काल आलेली तू मला अक्कल शिकवणार? प्लग लाव. नाहीतर उद्यापासून वखारीत पाऊल टाकायचं नाही."

ओल्या लाकडाचा वास. कापताना उघडत जाणारी गाभ्यातली वर्तुळं. स्वतःच्या हातानं ताण बघून, तेल घालून तयार केलेली साखळी. लग्नानंतर तिला स्वतःचं म्हणावं असं एवढंच मिळालं होतं.

"चालेल," ती म्हणाली. "उद्या नाही येणार. पण आज प्लग मिळणार नाही."

वाचकहो, अशा गोष्टीत या ठिकाणी अपघात होतो. शिडी घसरते, किंकाळी ऐकू येते, रक्त दिसतं आणि मग सगळ्यांना शहाणपण सुचतं. या गोष्टीत अपघात होणार नाही. कुणाचं तरी बोट तुटल्याशिवाय आपण ऐकत नाही, ही आपली सवय आहे, आणि तिला खतपाणी घालायची माझी तयारी नाही. धाकटा शिडीवर धडधाकट उभा आहे. ऐकायचं असेल तर आत्ता ऐका.

टेम्पोचं दार उघडलं. सासूबाई उतरल्या.

"अहो उस्ताद!" त्या म्हणाल्या. नवऱ्याला या नावानं त्यांनी कधी हाक मारली नव्हती. "तुमच्या शर्टाच्या गुंड्या रोज कोण लावतं?"

"हळू बोल जरा."

"हळूच बोलत आले आजवर! सकाळी दाराआड मी गुंड्या लावायच्या आणि बाहेर जाऊन तुम्ही नसलेला अंगठा मिरवायचा. नात झाली तेव्हा हातातून निसटेल म्हणून घेतली नाहीत तिला. भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. मी पाहिलं ते. या पोराला कधी सांगितलंत? करवतीनं चाखलं ते रंगवून सांगता. पुढचं जेवण मी भरवलं, ते कोण सांगणार?"

गर्दीतला मोबाइल खाली गेला.

सून पायरी उतरली. प्लग अजून मुठीतच होता. "बाबा," तिनं विचारलं, "ती पट्टी पहिल्यांदा कशाला बांधली होती?"

उस्तादांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग शिडीवरच्या धाकट्याकडे मान वर करून ते एकदम गरजले.

"मला अंगठा नाही म्हणून! खटका दाबायला अंगठा लागतो आणि तो मला नाही, म्हणून मी बांधली! तुझे दोन्ही शाबूत आहेत ना रे गाढवा! मग तू कशाला बांधतोस?"

"तुम्ही बांधता म्हणून," धाकटा म्हणाला.



"उतर," उस्ताद म्हणाले. "करवत आधी दोरीनं खाली सोड. मग तू उतर. दोन्ही हातांनी शिडी धरून."

फांदीला दोरखंड बांधला. सगळ्यांना लांब उभं करून टेम्पोनं ओढली, तशी ती कडाडत जमिनीवर आली. आता कंबरेच्या खाली, पाय घट्ट रोवून, दोन्ही हातांनी कापता येणार होती. उस्तादांनी चाकूनं पट्टी कापली. पहिला काप नेहमी त्यांचा असे, म्हणून सवयीनं त्यांनीच करवत उचलली. अंगठ्याचा खुंट खटक्यापर्यंत पोचेना. तळवा लावून पाहिला. डाव्या हाताकडे घेऊन पाहिली, तर खटका भलत्याच बाजूला आला. मग करवत सुनेपुढे धरली.

तिनं मोजे चढवले, डोळ्यांवर जाड चष्मा घेतला, वायर पाठीमागून आणली. प्लग धाकट्याच्या हातात दिला.

"मग तुम्ही आता कशी चालवणार, बाबा?" तिनं विचारलं.

"नाही चालवणार," उस्ताद म्हणाले. मग त्यांनी वळून दोन्ही हात पसरले. "गर्दी मागं ठेवायला माणूस लागतो ना? तो मी. ए मोबाइलवाल्या, सरक मागं! अजून! जीव नकोसा झालाय का?"

काम व्हायचं तेवढ्या वेळातच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बसवाल्यानं जाताजाता एक कचकचीत शिवी घातली, ती उस्तादांनी मान डोलावून स्वीकारली. "उद्या वेळेवर ये," एवढंच ते सुनेला म्हणाले.

नागरिकहो, जखम ही पदवी नव्हे. एकाची लाचारी दुसऱ्याची ऐट होते आणि तिसऱ्याच्या गळ्यात रिवाज म्हणून पडते. तुमच्या कारखान्यात, कचेरीत, घरात कुणी म्हणालं की "इथं असंच चालतं", तर विचारा, पहिल्यांदा कुणी चालवलं आणि कशासाठी? उत्तर मिळेपर्यंत वीज जोडू नका. भित्रे म्हणतील, म्हणू द्या. मालक ओरडेल, रस्ता ओरडेल. ओरडू द्या!