अकरा मैदानं, नऊ दिवस

ईस्टरच्या रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर डॅडने मटणाचं ताट बाजूला सारलं, बाहीने टेबल पुसलं आणि नकाशा पसरला. ॲडलेडच्या पश्चिमेकडच्या आमच्या द्वीपकल्पाचा तो जुना, घड्यांवर फाटलेला नकाशा मला लहानपणापासून ओळखीचा होता. त्यावर पेन्सिलीने अकरा गोल काढले होते. प्रत्येक गोल म्हणजे एकेका गावाचं गोल्फचं मैदान.

"पहिल्या दिवशी किंबा," तो म्हणाला. "सकाळी नऊ होल, मग जेवण, मग वुडिना. दुसऱ्या दिवशी मिनिपा. तिथून खाली उतरायचं."

"दोन दिवसांत तीन मैदानं? आणि तुझा गुडघा?"

"गुडघा थोडाच खेळणार आहे? खेळणार मी."

नकाशाशेजारी त्याची वही होती. कुठल्या गावात कुठे झोपायचं, कुठली बेकरी शनिवारी उघडी असते, कुठल्या मैदानावर मेंढ्या चरतात, सगळं बारीक अक्षरात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं अक्षर इतकं सरळ कसं राहतं, याचं मला नवल वाटायचं. तो आयुष्यभर गहू पिकवत आला होता. ओळी सरळ ठेवायची सवय असेल.

मागच्या दाराने मर्व्ह लिंडनर आत आला. दार वाजवायची रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. शेजारचं शेत त्याचं. डॅडने शेती सोडल्यापासून आमची जमीनही तोच कसतो. त्याने अंडी ओट्यावर ठेवली आणि नकाशावर वाकून पाहिलं.

"काय म्हाताऱ्या, निघालास मोहिमेवर?"

"तिसऱ्या आठवड्यात. मे. येतोस?"

"मे महिन्यात मी ट्रॅक्टरवर असतो. पेरणीच्या दिवसांत गोल्फ खेळणारा एक तर निवृत्त असतो, नाही तर डोक्याने गेलेला."

"मग मी दोन्ही आहे."

"ते मी म्हणणारच होतो. पण म्हटलं, पोरीसमोर बरं दिसत नाही."

"रॉझ येणार आहे," डॅड म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपत, "लायब्ररीने सोडलं तर."

"बघते," मी म्हणाले.

ॲडलेडमधल्या ज्या लायब्ररीत मी नोकरी करत होते, तिने मला कधी धरून ठेवलंच नव्हतं. त्याने पहिल्यांदा विचारलं तो दोन वर्षांपूर्वीचा जुलै. मी म्हणाले, सुट्टी मिळत नाहीये. त्याने तारीख सप्टेंबरवर नेली. मी पुन्हा तेच म्हणाले. सप्टेंबर सरला की आमच्याकडे गोल्फही सरतो. नाताळच्या आसपासच्या आमच्या उन्हाळ्यात जमीन विटेसारखी भाजते, वाळलेल्या गवतात साप फिरतात आणि वणव्याच्या भीतीने मैदानाकडे कुणी फिरकत नाही. म्हणजे माझ्या एका वाक्याने त्याचं अख्खं वर्ष जायचं. हे मला ठाऊक होतं. तरी पुढच्या वर्षीही मी तेच वाक्य म्हणाले. सुट्टीचा अर्ज मी एकदाही केला नव्हता.

संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर चहा घेऊन बसलो. तो म्हणाला, यंदा पाऊस उशिरा आहे. मी म्हणाले, हो, ॲडलेडलाही नाही. तो म्हणाला, तुझे मागचे टायर झिजलेत. मी म्हणाले, बदलते. एवढं बोलून आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. आई होती तोवर आमचं सगळं बोलणं तिच्या हातून जायचं. मी फोन केला आणि त्याने उचलला, की तो म्हणायचा, "थांब, आईला देतो." तिला जाऊन चार वर्षं झाली होती. अजूनही फोन उचलल्यावर तो क्षणभर थांबायचा. मीही थांबायचे.

सोमवारी सकाळी मी निघाले. त्याने गाडीच्या काचा पुसून ठेवल्या होत्या. खिडकीशी येऊन म्हणाला, "मेचं जमतंय का ते कळव. बुकिंग असं काही नसतं, पण लोकांना सांगून ठेवलेलं बरं."

"कळवते, डॅड."

गुरुवारी अकराच्या सुमाराला मी मुलांच्या विभागात पुस्तकं लावत होते. फोन आला.

"रॉझ, मर्व्ह बोलतोय. बसली आहेस का?"

"उभी आहे."

"मग बस."

मी लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले. मर्व्हने सांगितलं. गोल्फचा हंगाम सुरू होण्याआधी आमच्या मैदानावर दरवर्षी श्रमदान असतं. पाणी नाही म्हणून आमच्या होलभोवती गवत नसतं, वाळू असते. उडून जाऊ नये म्हणून त्या वाळूत जुनं तेल कालवतात. सात-आठ जण जमून ते काम करतात. डॅडने वाळूचे चार गोल स्वतः कालवले. मग म्हणाला, जरा सावलीत बसतो. गाडीला टेकून बसला. चहाला हाक मारली तेव्हा उठला नाही.

"त्रास झाला नाही गं त्याला," मर्व्ह म्हणाला. "टोपीसुद्धा हलली नव्हती."

दफन झाल्यावर गावच्या हॉलमध्ये चहा होता. बायकांनी सँडविचेस केले होते, खोबऱ्यात घोळवलेले केक केले होते. लोक एकेक करून माझ्याशी हात मिळवायचे आणि हवामानाबद्दल बोलावं तसं त्या सहलीबद्दल बोलायचे. "किती ठरवत होता बिचारा." "तुला सुट्टी मिळाली असती तर गं." "मोठ्या शहरातल्या नोकऱ्या म्हणजे." मी मान हलवत राहिले. कुणीतरी माझ्या हातात कप दिला, दुसऱ्या कुणीतरी तो भरलेलाच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी घर आवरताना वही हाती आली. शेवटच्या पानावर अकरा गावं, तिथल्या गोल्फ क्लबांचे अकरा चिटणीस, अकरा फोन नंबर. प्रत्येकासमोर तारखा. जुलैच्या तारखेवर काट, सप्टेंबरच्या तारखेवर काट, मागच्या वर्षीच्या दोन्हींवर काट, आणि शेवटी मे, त्यावर काट नाही. म्हणजे मी नाही म्हटलं की हा माणूस स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसून अकरा ठिकाणी फोन करायचा. चार वेळा त्याने ते केलं होतं. लोक आता वाट बघत असतील. कुणीतरी कळवायला हवं होतं आणि त्या घरात मी एकटीच होते.

पहिल्या दोघांनी हळहळ व्यक्त केली आणि फोन ठेवला. तिसरा नंबर मुरलाना गावचा. चिटणीस ग्वेन नित्श्के.

"कोण? रॉझ? लायब्ररीवाली रॉझ?" तिचा आवाज एकदम चढला. "अगं, तुझ्याबद्दल इतकं ऐकलंय! तुझ्यावाचून म्हणे ती लायब्ररी उघडतच नाही. तुझा बाप लेन सांगायचा ना. दर वेळी फोन करून म्हणायचा, ग्वेन, तारीख पुढे ढकल, माझ्या पोरीला सोडत नाहीत. आणि रागाने नाही हं. ऐटीत."

मी तिला डॅड गेल्याचं सांगितलं.

मग ती म्हणाली, "मी कालच फळा लिहिला. चोवीस तारखेचा शनिवार. आमची पहिली स्पर्धा. तुम्हा दोघांची नावं एकाखाली एक आहेत."

"पुसावी लागतील."

"तू पुसायला सांगतेस म्हणून पुसते. पण माझा हात होणार नाही आज. तू ये की. मी सूप करते त्या दिवशी. भोपळ्याचं."

उरलेले आठ फोन मी केले. जवळजवळ प्रत्येकाला मला न सोडणारी ती लायब्ररी ठाऊक होती.

ॲडलेडला परतल्यावर मी संगणकावर सुट्टीचा अर्ज भरला. चार मिनिटं लागली. माझी साहेबीण पॅट्रिस खिडकीतल्या झाडांना पाणी घालत होती. तिने तिथूनच मंजूर केला.

"रॉझ, तुझी एकशे चौदा दिवसांची रजा साठलीय," ती म्हणाली. "मी कधीची म्हणतेय, कुठे तरी जा."

खरं होतं. ती कधीची म्हणत होती.

मेच्या तेवीस तारखेला मी गावी पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाहेर पडले, तर माझ्या गाडीपाशी मर्व्ह उभा. अंगात लोकरीचा स्वेटर, पायांत स्वच्छ बूट, खांद्यावर त्याची जुनी गोल्फची पिशवी.

"पेरणी?" मी विचारलं.

"अर्धी झालीय. उरलेली उद्या करीन." तो गाडीत बसला. "आणि मागचे टायर बदललेस का? लेन सारखं बोलायचा त्या टायरांबद्दल."

"बदलले."

"बरं केलंस. नाही तर मला चालत यावं लागलं असतं."

मुरलानाचं क्लबघर म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. आत शिरताच उजवीकडे फळा. त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत: एल. ट्रेगेन्झा. त्याखाली आर. ट्रेगेन्झा. बाकीच्या नावांसारखीच आमची दोघांची नावं. ग्वेन माझ्यापेक्षा वीतभर बुटकी होती. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "नाही पुसलं. रागावू नकोस."

खुर्चीत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "तुझ्या बापाने ब्याऐंशी साली आमचा कप नेला. दुसऱ्या वर्षी परत आणून द्यायचा असतो तो. अजून वाट बघतोय."

"हार्व्ही, आज तरी गप बस," ग्वेन म्हणाली.

"गप कसा बसू? त्यात मी पेन्सिली ठेवायचो."

सगळे हसले. मीही हसले.

मर्व्ह, ग्वेन आणि मी एकत्र खेळलो. मला खेळता येत नाही. चेंडू मल्लीच्या, म्हणजे बुटक्या निलगिरीच्या झुडपांत जायचा, मर्व्ह शोधून आणायचा आणि म्हणायचा, "याला घरी राहायला आवडत नाही, तुझ्यासारखंच." ऊन कोवळं होतं. कुंपणापलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर धूळ उडवत जात-येत होता. ग्वेन चालता चालता डॅडचं फोनवरचं बोलणं सांगत होती. मी कुठली पुस्तकं वाचते हे त्याने तिला सांगितलं होतं. माझं लग्न मोडलं तेव्हा मला सावरायला काय म्हणावं, हे त्याने तिला विचारलं होतं. तिने सांगितलं होतं, काही म्हणू नकोस, फिरायला ने. मला तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली सहलीची ती पहिली तारीख त्यानंतरच आली होती.

शेवटच्या होलपाशी तेलकट काळ्या वाळूचा गोल होता, थाळीसारखा सपाट. आमच्याकडची रीत अशी, की चेंडू वाळूवर आला की लांब दांड्याची आडवी पट्टी घ्यायची आणि चेंडूपासून होलापर्यंत एकदाच ओढायची. त्या सपाट वाटेने चेंडू मारायचा. मागच्या खेळाडूला वाळू विस्कटलेली मिळू नये म्हणून शेवटी निघणाऱ्याने पूर्ण गोल पुन्हा ओढून काढायचा. लहानपणी ते काम माझं असायचं. मध्यापासून सुरू करून बाहेर बाहेर, चकलीसारखं. डॅड काठावर उभा राहून बघायचा. घाई कधी केली नाही त्याने.

मर्व्हचा चेंडू गेला, ग्वेनचा गेला, माझा चौथ्या फटक्याला गेला. मी दांडा हातात घेतला आणि गोल ओढायला लागले. पावलांच्या खुणा एकेक करून बुजत होत्या.

ग्वेन काठावर उभी होती. "एक गोष्ट मनाशी धर, पोरी," ती म्हणाली. "लेनला पक्कं ठाऊक होतं की तुला यायचं होतं. फक्त त्या लोकांनी तुला सोडलं नाही."

मी थांबले. गोल अर्धा राहिला होता. मर्व्हने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली.

"कुणी अडवलं नव्हतं, ग्वेन," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण फार मोठा निघाला. कुंपणापर्यंत गेला असेल. "मी सुट्टी मागितलीच नाही. एकदाही नाही. लायब्ररी माझ्यावाचून व्यवस्थित उघडते."

मला त्या दोघांना सांगायचं नव्हतंच. मी समोरच्या वाळूकडे पाहिलं, आणि ज्याला इतकी वर्षं हवामान आणि टायर यांपलीकडे काही सांगितलं नव्हतं, त्याला सांगितलं.

"डॅड, मला भीती वाटायची. नऊ दिवस गाडीत तू आणि मी, आणि आई नाही. वाटायचं, आपल्याला बोलायला काही सुचणार नाही, आणि ते आपल्या दोघांनाही कळेल. म्हणून मी खोटं बोलले. तुझ्याबरोबर गप्प बसायलासुद्धा मला आवडायचं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं."